छातीतील जळजळ आणि श्वासपटलाचे द्वार : हायटस हर्नियाची शस्त्रक्रिया व तिच्यानंतरचे पथ्य

व्यापारी कुटुंबांत अम्लपित्ताला आजार मानण्याची पद्धत नाही. सकाळी पेढी उघडायची, दुपारचे जेवण गिऱ्हाइकांच्या वर्दळीत कसेबसे उरकायचे, रात्री हिशेब मिटवून घरी पोहोचायला नऊ-दहा वाजायचे, मग भरपेट जेवून अर्ध्या तासात अंथरुणाला पाठ टेकायची, हा कित्येक घरांतील नित्यक्रम आहे. छातीत जळजळले की गल्ल्यातील गोळी तोंडात टाकली जाते, घोटभर थंड दूध घेतले जाते आणि विषय तेथेच संपतो. अशी दहा-पंधरा वर्षे निघून जातात. एखाद्या दिवशी एंडोस्कोपी करण्याची वेळ येते आणि अहवालावर 'हायटस हर्निया' हे शब्द वाचून सारे घर धास्तावते. हा हर्निया छातीत कसा, ऑपरेशन करावेच लागेल का, केले तर पुन्हा पूर्वीसारखे जेवता येईल का आणि गोळ्या कायमच्या सुटतील का, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. त्यांचा क्रमाने विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

द्वार कोठे आहे आणि ते का सैल होते?

आपली छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायूचा पडदा असतो. घशापासून निघालेली सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका या पडद्यातील एका छिद्रातून खाली उतरते आणि जठराला मिळते. या छिद्रालाच हायटस म्हणतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे एक वलय असते. घास आला की ते उघडते आणि घास गेला की मिटते. बाहेरून श्वासपटलाचे स्नायू या वलयाला चिमट्यासारखा आधार देतात. शिवाय अन्ननलिकेचा शेवटचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग पोटाच्या पोकळीत असल्यामुळे पोटातील दाब वाढला की तो आपोआप चेपला जातो आणि आम्ल वर चढत नाही. एकाच दाराला आतून कडी, बाहेरून अडसर आणि वर झडप असावी, तशी ही निसर्गाची तिहेरी व्यवस्था आहे.

वय, वाढलेले पोट, वर्षानुवर्षे जड ओझी उचलणे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठामुळे कुंथणे, स्त्रियांमध्ये गर्भारपण अशा अनेक कारणांनी हे छिद्र रुंदावते आणि जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकू लागतो. यालाच हायटस हर्निया म्हणतात. याचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्यात अन्ननलिका व जठर यांचा सांधाच वर सरकतो. हा सरकता हर्निया होय. शंभरातील नव्वदांहून अधिक रुग्णांमध्ये हाच प्रकार आढळतो. कडी आणि अडसर एकमेकांपासून दूर गेल्यामुळे त्यात आम्ल वर येण्याचा त्रास प्रमुख असतो. दुसऱ्या प्रकारात जठराचा भाग अन्ननलिकेच्या शेजारून छातीत चढतो. हा प्रकार विरळा असला तरी अधिक सावधपणे हाताळावा लागतो, कारण क्वचित प्रसंगी जठराला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हायटस हर्निया असणे म्हणजे शस्त्रक्रिया अटळ असणे नव्हे. लहान सरकता हर्निया पुष्कळ लोकांत असतो आणि त्यांतील अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. त्रास नसेल तर तो तसाच राहू द्यावा, हाच वैद्यकीय सल्ला असतो.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल आणि त्यानंतर त्याच कुळातील औषधे आली, तेव्हापासून अम्लपित्ताच्या उपचाराचे चित्रच पालटले. ही औषधे जठरातील आम्लनिर्मिती प्रभावीपणे कमी करतात. मात्र सैल झालेले दार ती दुरुस्त करीत नाहीत. आम्ल कमी झाल्याने जळजळ थांबते, पण जठरातील पाणी आणि अन्न वर येणे थांबत नाही. वाकल्यावर तोंडात आंबट पाणी येणे, मध्यरात्री ठसका लागून जाग येणे, आवाज बसणे, वारंवार खोकला होणे या तक्रारी काही जणांत औषध घेऊनही टिकून राहतात. अशा रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा विचार होतो. गोळी घेतल्यावर बरे वाटते, पण ती आयुष्यभर घेण्याची तयारी नाही, अशा तरुण रुग्णांनाही हा पर्याय सुचविला जातो. अन्ननलिकेशेजारून जठर चढलेले असून जेवताना छाती भरून येणे, धाप लागणे, किंवा जठरातील व्रणांतून थोडे थोडे रक्त जाऊन पंडुरोग होणे अशी लक्षणे असतील, तर शस्त्रक्रियेचे महत्त्व आणखी वाढते.

निर्णयापूर्वीच्या तपासण्या टाळू नयेत. एंडोस्कोपीने अन्ननलिकेच्या आतील अस्तराची स्थिती कळते. बेरियम पाजून घेतलेल्या एक्स-रेने हर्नियाचा आकार समजतो. नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास आम्लाची नोंद केली जाते, तिने जळजळीचे कारण खरोखर आम्लच आहे की नाही, हे सिद्ध होते. मॅनोमेट्री नावाच्या तपासणीने अन्ननलिकेच्या आकुंचनाची ताकद मोजतात. अन्ननलिका दुर्बल असेल आणि तिच्या टोकाशी घट्ट गुंडाळी केली, तर घास अडकून रुग्णाची अवस्था पूर्वीपेक्षा बिकट होते. शेवटच्या दोन तपासण्या खर्चिक आणि थोड्या त्रासदायक असल्यामुळे अनेकांना त्या अनावश्यक वाटतात. दुकानाची जागा घेताना आपण सात-बारा आणि सर्च रिपोर्ट पाहिल्यावाचून पैसे देत नाही. मग स्वतःच्या शरीराच्या बाबतीत कागद न पाहता सौदा का करावा?

या तपासण्यांचे मोल एका अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. औषधाला दाद न देणारी जळजळ असलेले ३६६ रुग्ण त्यासाठी पाठविण्यात आले होते. काटेकोर तपासणी आणि औषध योग्य रीतीने घेण्याची शिकवण यांनंतर त्यांपैकी अवघे ७८ जण तुलनेसाठी पात्र ठरले. बाकीच्यांपैकी काहींना औषध वेळेवर घेताच बरे वाटले, तर काहींच्या जळजळीचे कारण आम्ल नव्हतेच. मात्र जे खऱ्या अर्थाने पात्र ठरले, त्यांत शस्त्रक्रिया झालेल्या दोन-तृतीयांश रुग्णांना चांगला गुण आला आणि औषधोपचाराच्या मानाने हे यश पुष्कळच अधिक होते. योग्य रुग्ण निवडणे, हेच या शस्त्रक्रियेच्या यशाचे अर्धे रहस्य आहे.

आणखी एक इशारा येथेच देणे अवश्य आहे. छातीतील प्रत्येक जळजळ पित्ताची नसते. चालताना किंवा जिना चढताना छाती आवळणे, घाम फुटणे, वेदना डाव्या हातात अथवा जबड्यात जाणे ही लक्षणे असतील, तर प्रथम हृदयाची तपासणी करावी. पित्त समजून गोळी घेत बसण्यात काही जणांचा मोलाचा वेळ वाया गेलेला आहे.

एका निरीक्षणातून जन्मलेली शस्त्रक्रिया

आज जगभर केल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेशी रुडॉल्फ निसेन या शल्यचिकित्सकाचे नाव जोडलेले आहे. १८९६ साली तत्कालीन जर्मनीतील नाइसे या गावी त्यांचा जन्म झाला. ते ज्यू असल्यामुळे १९३३ साली हिटलरची सत्ता येताच त्यांना देश सोडावा लागला आणि त्यांनी इस्तंबूलमध्ये आश्रय घेतला. तेथे एका तरुण रुग्णाच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकावर त्यांनी शस्त्रक्रिया केली. जोड सुटू नये म्हणून त्यांनी जठराच्या भिंतीची घडी त्याभोवती गुंडाळली. पुढे अनेक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, त्या रुग्णाची पूर्वीची जळजळ पूर्णपणे नाहीशी झाली होती. जोडाच्या रक्षणासाठी घातलेली घडी झडपेचे काम करीत होती.

पुढे निसेन अमेरिकेत गेले. तेथे १९४८ साली त्यांनी अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पोटातील फुगलेल्या महारोहिणीवर शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर ते स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे स्थायिक झाले. इस्तंबूलमधील निरीक्षण त्यांच्या मनात राहिले होते. १९५५ साली त्यांनी मुद्दाम आम्लाच्या उलट्या प्रवाहासाठी ही गुंडाळी केली आणि १९५६ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या शस्त्रक्रियेला फंडोप्लिकेशन हे नाव रूढ झाले. फंडस म्हणजे जठराचा वरचा, घुमटासारखा भाग. त्याची घडी घालणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

निसेन यांची गुंडाळी अन्ननलिकेला पूर्ण वेढा घालणारी होती. तिने जळजळ उत्तम थांबे, परंतु घास अडकणे आणि ढेकर न येणे हे त्रास होत. म्हणून फ्रान्समधील जाक दोर आणि आंद्रे तुपे यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी अर्धवट गुंडाळीच्या पद्धती मांडल्या. दोर यांची गुंडाळी समोरून येते, तर तुपे यांची मागून सुमारे पाऊण वेढा घेते. पूर्ण गुंडाळीतही सुधारणा होऊन ती सैल आणि साधारण दोन सेंटिमीटर इतकी आखूड झाली. १९९१ साली बेल्जियममधील बर्नार्ड दालेमान्य यांनी दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि पोट उघडण्याची गरज बहुतांश रुग्णांत उरली नाही.

शस्त्रक्रियागृहात काय घडते?

पूर्ण भूल देऊन पोटावर साधारणपणे पाच लहान छिद्रे घेतली जातात. प्रथम छातीत सरकलेले जठर खाली आणतात. अन्ननलिका भोवतालच्या बंधांतून सोडवून तिचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग ताण न येता पोटात राहील, अशी व्यवस्था करतात. मग श्वासपटलातील रुंदावलेले छिद्र टाके घालून योग्य मापाचे करतात आणि शेवटी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेमागून फिरवून गुंडाळी शिवतात. सर्व सुरळीत असेल तर बहुतेक रुग्ण एक ते तीन दिवसांत घरी येतात.

छिद्र फारच मोठे असेल, तर टाक्यांच्या जोडीला जाळी बसविली जाते. आपल्या वाचकांच्या दृष्टीने येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. या जाळ्यांपैकी काही कृत्रिम धाग्यांच्या असतात, तर काही डुक्कर किंवा गोवंशातील प्राण्यांच्या ऊतींपासून तयार केलेल्या असतात. काही ठिकाणी शिवणीसाठी रेशमी धागाही वापरला जातो. त्याला पॉलिएस्टरसारखे पर्याय उपलब्ध आहेत. औषधांच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, परंतु तीच औषधे गोळीच्या रूपात किंवा वनस्पतिजन्य आवरणातही मिळू शकतात. ज्यांना या बाबी महत्त्वाच्या वाटतात, त्यांनी शल्यचिकित्सकांशी आधीच मोकळेपणाने बोलावे. भूल दिल्यानंतर निवड करण्याची संधी उरत नाही. प्राणिज जाळीचा आग्रह धरण्याचे कारणही फारसे नाही. साधे टाके आणि डुकराच्या ऊतीपासून बनविलेली जाळी यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतील एका अभ्यासात, सहा महिन्यांनी जाळीचा लाभ दिसला होता. सुमारे पाच वर्षांनी मात्र दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या एक्स-रेमध्ये हर्निया थोडाफार परतलेला दिसला आणि दोन गटांत उल्लेखनीय फरक राहिला नाही. धीर देणारी बाब अशी की, एक्स-रेमध्ये हर्निया दिसूनही त्यांतील बहुतेकांची तब्येत शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा चांगलीच होती.

पहिले सहा आठवडे

शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत संपते. तिचे यश टिकविण्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि ते रुग्णाच्या व त्याच्या घरच्यांच्या हाती असते.

टाक्यांच्या जागी सूज असल्यामुळे सुरुवातीला गिळताना अडथळा जाणवतो. म्हणून आहार पायरीपायरीने वाढवावा लागतो. डॉक्टरांनी दिलेला तक्ता हाच प्रमाण मानावा. सर्वसाधारण क्रम असा असतो. पहिले काही दिवस निव्वळ पातळ पदार्थ : मुगाच्या डाळीचे गाळलेले पाणी, भाताची पेज, पातळ ताक, नारळपाणी. त्यानंतर दाट पण गुठळी नसलेले पदार्थ : नाचणीची आंबील, मऊ खिमट, दुधी-पडवळाचे गाळलेले सूप. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ मुगाची खिचडी, दहीभात, पातळसर उपमा, वाफवून कुसकरलेली दोडक्याची भाजी. पोळी आणि पाव सर्वांत शेवटी, कारण लाळेबरोबर त्यांचा चिकट गोळा होतो आणि तो गुंडाळीशी अडकतो. भाकरी, खाकरा, पापड आणि फरसाण यांनाही थांबावे लागते. पोळी प्रथम खाताना ती वरणात पूर्ण भिजवून, कुस्करून घ्यावी.

पदार्थ कोणता, याइतकेच तो कसा खाल्ला जातो, हे महत्त्वाचे आहे. घास बोराएवढा असावा, तो तोंडात पार विरघळेपर्यंत चावावा आणि एका जेवणाला अर्धा तास द्यावा. दुकानात उभ्या-उभ्या, फोनवर भाव ठरवीत जेवणे पूर्ण बंद करावे. बोलत जेवताना हवा गिळली जाते आणि नवी गुंडाळी ढेकर सहजी येऊ देत नाही. त्यामुळे पोट फुगते. सोडा, शीतपेये, नळीने पेये ओढणे, च्युइंगम आणि पाणी घालताच फसफसणारी पाचक पूड ही सारी वर्ज्य होत. पूर्वी जी पूड घेतल्याने ढेकर येऊन बरे वाटे, तीच आता त्रासाचे कारण ठरते.

जठराची जागा काही काळ कमी झालेली असते, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे असे सांगतात. चौविहार पाळणाऱ्यांना हे कसे जमेल, अशी शंका येते. डिसेंबरात महाराष्ट्रात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारशी पाळून आठ वाजता आरंभ केला, तरी आठ, दहा, बारा, दोन, चार आणि पावणेसहा असे सहा लघुआहार दिवसाउजेडी बसतात. औषधांच्या वेळाही डॉक्टरांना सांगून याच चौकटीत बसविता येतात का, ते पाहावे. मात्र रात्री औषध आवश्यकच असल्याचे त्यांनी सांगितले, तर ते टाळू नये.

दिवसभराचे सारे अन्न एका बैठकीत घ्यावे लागते असे एकासण, किंवा पाणीही वर्ज्य असलेला उपवास, या काळात करू नये. पहिल्या प्रकाराने जठर एकाएकी ताणले जाते, तर दुसऱ्याने शरीरातील पाणी कमी होते. तपश्चर्या पुन्हा कधी आरंभावी, याचा निर्णय डॉक्टरांच्या अनुमतीने आणि गुरुमहाराजांच्या सल्ल्याने घ्यावा. शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर तिची तारीख ठरवितानाच चातुर्मास, पर्युषण आणि घरातील मंगलकार्ये विचारात घ्यावीत, म्हणजे मनाची ओढाताण होत नाही.

ओझ्याविषयीचा नियम व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. पहिले किमान चार ते सहा आठवडे जड वस्तू उचलू नये. बेत बहुधा येथेच फसतो. रुग्ण पंधराव्या दिवशी 'नुसता बसायला' म्हणून दुकानात जातो, नोकर आलेला नसतो आणि तो सहज शटर वर ढकलतो. पंधरा किलोंचा तेलाचा डबा सरकवितो, कापडाचा गठ्ठा काढून देतो. श्वास रोखून जोर लावला की पोटातील दाब उसळतो आणि तो थेट ताज्या टाक्यांवर येतो. उलटी आणि जोराचा खोकला यांनीही हेच घडते. म्हणून मळमळ वाटताच डॉक्टरांना कळवावे, सर्दी-खोकल्यावर लगेच उपचार घ्यावा आणि शौचाला कुंथावे लागणार नाही, अशी काळजी घ्यावी. घरच्यांनी दुकानाची पर्यायी व्यवस्था शस्त्रक्रियेआधीच करून ठेवली, तर ती औषधाइतकीच उपयोगी ठरते.

पुढची वर्षे

स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रुग्णांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे १८ टक्के रुग्णांना आम्लाचा त्रास पुन्हा जडला. त्यांपैकी बहुतेकांना औषधे पुन्हा नियमित घ्यावी लागली आणि काहींना दुसरी शस्त्रक्रिया. म्हणजे शंभरातील ब्याऐंशी जण सुखरूप राहिले, ही मोठीच गोष्ट आहे. त्याचबरोबर, एकदा ऑपरेशन झाले म्हणजे आयुष्यभराची हमी मिळाली, असे समजणे चुकीचे ठरेल.

ही हमी वाढविण्याचे उपाय साधे आहेत. पहिला उपाय वजनाचा. पोटाचा घेर वाढला की दाब वाढतो आणि शिवलेले द्वार पुन्हा रुंदावू लागते. ज्यांचे वजन फारच अधिक आहे, त्यांच्या बाबतीत वजन घटविणारी बायपास शस्त्रक्रियाच अधिक हितकर ठरू शकते. म्हणून ही चर्चा शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी. दुसरा उपाय जेवणाच्या वेळेचा. शेवटचे अन्न आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर हवे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपल्या घराण्यांतील जुनी रीत या बाबतीत आधुनिक वैद्यकाच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळते. ज्यांच्याकडून ती व्यवसायामुळे सुटली, त्यांनी निदान संध्याकाळचा डबा दुकानात मागवून अंधारापूर्वी जेवावे आणि घरी आल्यावर दुसरे जेवण घेऊ नये. तिसरा उपाय पथ्याचा. तळलेले व तुपकट पदार्थ जठरात अधिक वेळ रेंगाळतात. चहा, कॉफी, चॉकलेट, पुदिना, अति तिखट आणि आंबट यांतील कोणते आपल्याला बाधते, हे प्रत्येकाने स्वतः पारखावे. तंबाखू मात्र कोणत्याही रूपात घेऊ नये. चौथा उपाय झोपेचा. डाव्या कुशीवर निजावे. रात्री त्रास होत असेल तर पलंगाच्या उशाकडील पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू पंधरा-वीस सेंटिमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढविल्याने कंबर वाकते आणि पोटावरील दाब उलट वाढतो.

आम्लाच्या गोळ्या बंद करण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये. दीर्घकाळ घेतलेले औषध एकाएकी थांबविले, तर काही आठवडे आम्लनिर्मिती उसळून येते आणि शस्त्रक्रिया फसली असा भास होतो. तसेच, पुढे कधी जळजळ वाटली म्हणून लगेच जुन्या गोळ्या सुरू करू नयेत. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा औषध घेऊ लागलेल्या पुष्कळ रुग्णांची चोवीस तासांची तपासणी केली असता आम्लाचे प्रमाण वाढलेले आढळत नाही. जळजळीचे कारण भलतेच असते. ज्यांच्या अन्ननलिकेच्या अस्तरात बॅरेट नावाचा बदल झालेला आहे, त्यांनी मात्र त्रास थांबला तरी ठरलेल्या अंतराने एंडोस्कोपी करीत राहावे. तो बदल पुढे क्वचित कर्करोगाकडे वळू शकतो आणि शस्त्रक्रियेने हा धोका पुसला जात नाही.

काही लक्षणे मात्र थांबून पाहण्याजोगी नसतात. पाणीसुद्धा न गिळता येणे, ताप येऊन पोट अथवा छाती तीव्रतेने दुखणे, शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे, श्वास लागणे, किंवा उमासे जोराचे येऊन बाहेर काहीच न पडणे आणि त्याबरोबर छातीत भयंकर कळ येणे, यांतील काहीही घडले तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. घास थोडा अडकणे ही तक्रार बहुधा दोन-तीन महिन्यांत निवळते. त्यापुढेही ती टिकली, तर एंडोस्कोपीद्वारे तो भाग हळुवार रुंद करता येतो.

ज्यांच्या घरी हा निर्णय उंबरठ्यावर आहे, त्यांनी शल्यचिकित्सकांना पाच प्रश्न अवश्य विचारावेत. माझा त्रास आम्लामुळेच आहे, हे कोणत्या तपासणीने सिद्ध झाले? माझ्या अन्ननलिकेची ताकद कशी आहे? गुंडाळी पूर्ण करणार की अर्धवट, आणि का? जाळी लागेल का, आणि ती कशाची असेल? आपण अशा शस्त्रक्रिया वर्षाकाठी किती करता? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट समाधानाने उत्तरे देतो. ही उत्तरे एका कागदावर लिहून घ्यावीत, घरातील वडीलधाऱ्यांसमवेत शांतपणे वाचावीत आणि मगच तारीख पक्की करावी. तातडीचे प्रसंग सोडले, तर या दुखण्यात आठ-पंधरा दिवसांच्या विचाराने काही बिघडत नाही.